मोफत कुणाला, अर्धे कुणाला? एसटीतल्या लहान प्रवाशांचा हिशेब

‘शाळेच्या पोरांना एसटी फुकट असते,’ असे वाळवा तालुक्यातले अनेक पालक धरून चालतात. मग ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) गाडीत कंडक्टरने दुसरीतल्या मुलाचे हाफ तिकीट फाडले की वाद सुरू होतो. अशा वादात कंडक्टरचे म्हणणे सहसा बरोबर असते.

लहान मुलांना एसटीत पूर्ण मोफत प्रवास मिळतो तो मुख्यतः दोन वाटांनी. 5 वर्षांखालच्या मुलाला तिकीटच लागत नाही. दुसरी वाट म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर योजना. ग्रामीण भागातल्या मुलींना इयत्ता पाचवीपासून घर ते शाळा मोफत पास मिळतो. आधी तो दहावीपर्यंत होता, नंतर बारावीपर्यंत वाढला. मात्र याच पासवर मुलगी मामाच्या गावाला जाऊ शकत नाही.

म्हणजे मधली फळी, पहिली ते चौथीची, दोन्हींकडून सुटली. मला हा या सवलतींमधला सर्वांत मोठा खड्डा वाटतो. चौथीपर्यंतची शाळा गावातच असते, असे त्यामागे गृहीत धरलेले दिसते. गावठाणात ते खरेही आहे. पण कृष्णाकाठच्या या ऊसपट्ट्यात कितीतरी घरे मळ्यात आहेत, आणि गावातली शाळा म्हणजे त्या घरापासून जवळची शाळा नव्हे.

इथे दुसरा गैरसमज आड येतो : एसटीची सवलत नाही म्हणजे सरकारची काही जबाबदारीच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या महाराष्ट्रातल्या 2011 च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत हवी. ज्या वस्तीला तेवढ्या अंतरात शाळा नाही, तिथल्या मुलांच्या ये-जा करण्याची सोय शासनाने करायची असते. समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. तेव्हा कंडक्टरशी भांडण्यापेक्षा मुख्याध्यापकांना भेटावे, आणि तिथे काम झाले नाही तर ईश्वरपुरातल्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्यावा. जवळची जिल्हा परिषदेची शाळा सोडून मूल लांबच्या खासगी शाळेत घातले असेल, तर मात्र हा दावा टिकत नाही.

17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत 50 टक्के सवलत मिळाली आणि एक नवा घोळ झाला. अर्ध्या तिकिटाचे पुन्हा अर्धे होते, असे काहींना वाटले. तसे होत नाही. पूर्ण भाडे 20 रुपये असेल तर आईचे 10, सात वर्षांच्या मुलीचे 10 आणि सात वर्षांच्या मुलाचेही 10. 5 ते 12 वयाला हाफ तिकीट आधीपासूनच आहे. फरक पडतो तो बारा वर्षे ओलांडल्यावर : तेरा वर्षांच्या मुलीला तेच 10 रुपये, तिच्या जुळ्या भावाला 20.

त्या भावाला मोफत पास नाही, पण विद्यार्थी पास आहे. त्यावर 66.67 टक्के सवलत असते, म्हणजे महिन्याच्या भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा. त्यासाठी आगारात रांग लावावी लागते, हीही आता जुनी गोष्ट. जून 2024 पासून शाळेने विद्यार्थ्यांची यादी दिली की पास थेट शाळेत देण्याची पद्धत एसटीने राबवली. यादी गेली का, हे शाळेत विचारा.

राहिला तो टोमणा : ‘फुकटच्या पोरांमुळे एसटी बुडाली.’ सवलतीची रक्कम राज्य सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते. ती उशिरा मिळाली, तर तो दोष दप्तर पाठीवर घेतलेल्या मुलीचा कसा?

अर्थात, पास हातात असून शाळेच्या वेळेला गाडीच नसेल तर काय? त्यासाठी कोणत्या वस्तीतून किती मुले, किती वाजता जातात हे लिहून, ग्रामपंचायतीचा ठराव जोडून ईश्वरपूर आगारप्रमुखांकडे मागणी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी.