पिस्तूल छोटं की मोठं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

छोटं पिस्तूल घ्यावं की मोठं, हा वाद खरा रंगतो अमेरिकेत. तिथल्या बहुतेक राज्यांत सामान्य माणूस कपड्यांआड शस्त्र बाळगून फिरू शकतो. आपल्याकडे परवाना मिळवणंच जिकिरीचं, पण तिकडचे समज इथल्या परवानाधारकांच्या गप्पांत जसेच्या तसे ऐकू येतात. ते तपासायला ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीचं उदाहरण सोयीचं आहे, कारण तिथे एकच रचना तीन मापांत मिळते. ग्लॉक 17 हे पूर्ण आकाराचं, 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्कराने स्वीकारलेलं. 19 हे कॉम्पॅक्ट आणि 26 त्याहून लहान. नळीची लांबी अनुक्रमे 114, 102 आणि 87 मिलिमीटर.

गैरसमज : लहान, हलकं पिस्तूल नवशिक्यांना आणि महिलांना सोपं.

वस्तुस्थिती : ते उचलायला सोपं, झाडायला अवघड. 9 मिमीची साधारण 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला 360 मीटर वेगाने सुटली, तर 900 ग्रॅमचं पिस्तूल ढोबळमानाने सेकंदाला 3.2 मीटर वेगाने मागे येऊ पाहतं आणि 600 ग्रॅमचं 4.8 मीटर वेगाने. म्हणजे हलक्या पिस्तुलाचा धक्का हाताला दीडपट ऊर्जेने बसतो. त्यात मूठ आखूड असल्याने करंगळीला जागाच उरत नाही. मग नवशिका धक्क्याच्या धास्तीने घोडा दाबतानाच मनगट खाली झुकवतो आणि गोळी नेमाच्या खाली जाते.

कानपूरच्या सरकारी शस्त्रनिर्माणीने 2014 मध्ये खास महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे .32 बोअरचं, सुमारे 500 ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर आणलं. .32 चं काडतूस मुळात सौम्य असल्याने त्याचा धक्का सोसवतो. तेच वजन 9 मिमीला लावलं, तर गणित बदलतं. त्यामुळे वजनाचा आकडा काडतुसासोबतच वाचायचा असतो.

गैरसमज : नळी लांब, तर पिस्तूल अचूक.

वस्तुस्थिती : भक्कम आधारावर टेकवून झाडलं, तर चांगल्या बनावटीचं छोटं पिस्तूलही मोठ्याच्या जवळपास पोचतं. फरक पडतो तो माणसाच्या हातात. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधलं, अंतर ग्लॉक 17 वर सुमारे 165 मिमी, तर 26 वर सुमारे 137 मिमी आहे. पुढची साइट एकच मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर पहिल्यात गोळी सहा सेंटिमीटर चुकते आणि दुसऱ्यात सव्वासातच्या वर. चूक तेवढीच, छोटं पिस्तूल तिची जास्त किंमत वसूल करतं.

नेमबाजीच्या स्पर्धांतही हेच दिसतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. त्या प्रकारात .22 चं पिस्तूल 1400 ग्रॅमपर्यंत आणि साइटमधलं अंतर 220 मिमीपर्यंत चालतं. सौम्य काडतूस, जड पिस्तूल आणि लांब साइट हे शिकणाऱ्याच्याही फायद्याचंच आहे.

गैरसमज : नळी आखूड असली की पिस्तूल कपड्यांत लपतं.

वस्तुस्थिती : नळी कमरेच्या आत, शरीराला धरून राहते. सदऱ्यातून उठून दिसते ती मूठ. ग्लॉकच्या या तिन्ही मापांची जाडी जवळपास सारखीच आहे. उंची मात्र सुमारे 139, 128 आणि 106 मिमी. लपण्यातला फरक मुख्यतः या उंचीचा. शिवाय पट्टा सैल आणि होल्स्टर बेताचं असेल, तर लहान पिस्तूलही लोंबतं. घट्ट पट्टा आणि त्या मॉडेलसाठी बनवलेलं, घोडा पूर्ण झाकणारं होल्स्टर असेल, तर मध्यम आकाराचंही नीट बसतं.

गैरसमज : सराव मोठ्यावर केला की छोटं आपोआप जमतं.

वस्तुस्थिती : नेम, श्वास आणि घोडा हळुवार दाबणं या गोष्टी सोबत येतात. पकड, धक्का सावरणं, मॅगझिन बदलणं येत नाही. अमेरिकी लष्कराने 2017 मध्ये नवं पिस्तूल निवडताना एकाच यंत्रणेची दोन मापं घेतली : पूर्ण आकाराचं एम17 आणि कॉम्पॅक्ट एम18. .22 च्या टार्गेट पिस्तुलावर सराव आणि घरात .32 चं रिव्हॉल्व्हर, अशी जोडी असेल तर दरी आणखी रुंद. डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हरचा घोडा लांब आणि जड चालतो. मूलभूत सराव मोठ्यावर करावा, पण जे जवळ ठेवणार त्यावरही नियमित फैरी झाडाव्यात.

परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे रिकाम्या शस्त्रावरचा सराव उपयोगी पडतो. त्यासाठी शस्त्र दोनदा तपासून रिकामं करावं आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवावीत. .22 च्या अनेक पिस्तुलांना रिकामं झाडणं मानवत नाही, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते. तेव्हा आधी माहितीपुस्तिका पाहावी.

गैरसमज : परवाना मिळाला की हवं ते घ्यावं, हवं तसं मिरवावं.

वस्तुस्थिती : ग्लॉकची वरची मापं फक्त समजून घेण्यापुरती आहेत. 9 मिमी हा बोअर भारतात सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित आहे. साध्या परवान्यावर बहुतेकांची निवड .32 चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल यांतच होते. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावी लागते. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. लग्नाच्या वरातीत आनंदाने गोळीबार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, तर तोही पाळावा लागतो.

गैरसमज : छोटं पिस्तूल घरात कमी धोक्याचं.

वस्तुस्थिती : गोळी पिस्तुलाचं माप पाहत नाही. उशाखाली किंवा ड्रॉवरमध्ये सहज मावणारं शस्त्र मुलांच्या हातीही सहज लागतं. ते कुलपातच हवं आणि काडतुसं वेगळ्या कुलपात.

मग घ्यावं काय? केवळ शिकण्यासाठी आणि स्पर्धेसाठी मोठं, जड पिस्तूल. एकाच शस्त्रावर सगळं भागवायचं असेल, तर मध्यम मापाचं, ज्याच्या मुठीवर तिन्ही बोटं पूर्ण बसतात असं. अगदी छोटं मात्र सरावलेल्या हातासाठीच. पैसे भरण्याआधी जवळच्या रायफल क्लबमध्ये प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दोन्ही मापं हाताळून पाहा. दुकानातल्या काचेमागे सगळीच पिस्तुलं सोपी वाटतात.