सेवाभिमुख संरचना
सेवाभिमुख संरचना ही संस्थेची संगणकीय कामे स्वतंत्र, पुन्हा वापरता येणाऱ्या सेवांमध्ये विभागून त्या ठरावीक नियमांनी जोडण्याची पद्धत होय. तंत्रज्ञानाइतकेच तिच्या नियमनाला महत्त्व आहे. सेवेची जबाबदारी कोणाची, ती कोणी वापरावी आणि तीत बदल कसा करावा, हे आधी ठरवावे लागते. अन्यथा प्रत्येक विभाग तीच माहिती स्वतंत्रपणे साठवू लागतो.

एस्टोनियात २००१ साली सुरू झालेली 'एक्स-रोड' ही प्रणाली याचे ठळक उदाहरण आहे. तेथील सरकारी खाती आपापली माहिती स्वतःकडेच ठेवतात व परवानगी असलेल्या खात्यास मागणीनुसार थेट पुरवतात. प्रत्येक देवाणघेवाणीची नोंद राहते. त्याच माहितीसाठी वेगळा साठा उभारण्यास कायद्याने मनाई आहे. नागरिकाने एकदा दिलेली माहिती सरकारने पुन्हा मागू नये, हा त्यामागील हेतू आहे.