दोन चांदूर आणि एक फाइल

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची, तालुक्याची अशी दोन गावे आहेत. एक आमचे, मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावरचे, म्हणून चांदूर रेल्वे. दुसरे अचलपूरच्या अंगाचे, चांदूर बाजार. आमच्या तालुक्यातल्या खेड्यावरचा माणूस ‘चांदूरले चाल्लो’ म्हणतो तेव्हा ‘कोणत्या?’ असे त्याला कोणी विचारत नाही. तिकडच्या तालुक्यातही हेच दोन शब्द चालतात आणि माणूस भलत्याच गावी पोहोचतो. अमरावतीच्या बसस्थानकावर मात्र नुसत्या ‘चांदूर’ने भागत नाही. पत्रावर तर मुळीच नाही. आमचा पिनकोड ४४४९०४, त्यांचा ४४४७०४. फरक एका आकड्याचा.

पिनकोड देशात लागू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. सारख्या नावांची गावे आणि निरनिराळ्या भाषा-लिप्यांत लिहिलेले पत्ते यांमुळे टपालाचा घोळ होई. त्यावर त्यांचा तोडगा असा की, नावाच्या जोडीला आकडा लिहा.

गंमत अशी की, त्याच सुमारास अमेरिकेत संगणक जोडणाऱ्या मंडळींपुढे हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा होता. त्यांच्याकडे आकडे होते, नावे हवी होती. यंत्राला आकड्याचा पत्ता पुरतो. माणसाच्या डोक्यात आकडे राहत नाहीत. मग कोणते नाव म्हणजे कोणता आकडा, हे सांगणारी नोंदवही लागते. ही पहिली नोंदवही आजही आपल्या घरच्या संगणकात आहे. तिचे नाव ‘होस्ट्स’. होस्ट म्हणजे यजमान. जाळ्यावरच्या प्रत्येक संगणकाला तेव्हा यजमान म्हणत.

मी संगणकशास्त्र कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. पण त्या काळच्या तंत्रज्ञांनी ‘टिप्पणीसाठी विनंती’ अशा नम्र मथळ्याखाली लिहिलेली टिपणे आज कोणालाही वाचता येतात, आणि चिकाटी असेल तर समजतातही. आर्पानेट हे आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप. १९६९ च्या अखेरीस त्यावर चार ठिकाणे होती. पुढे संख्या वाढली, तसा प्रत्येक ठिकाणचा माणूस आपापली यादी ठेवू लागला. याद्या जुळेनात. डिसेंबर १९७३ मधल्या एका टिपणात पीटर डॉइच यांनी हीच तक्रार केली आहे आणि एकच अधिकृत यादी असावी असे सुचवले आहे. ती सांभाळण्याचे काम कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्राकडे आले. केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवे यंत्र जोडले की केंद्राला कळवायचे, मग ते यादीत नाव चढवणार, आणि बाकीचे सगळे ती यादी उतरवून घेणार. तलाठ्याच्या दप्तरासारखाच कारभार.

यंत्रे काही शे झाली तेव्हा दप्तर अपुरे पडू लागले. यादी सगळीकडे पोहोचेपर्यंत कोणाचा तरी पत्ता बदललेला असे. शिवाय एकच नाव दोघांना हवे असे, आमच्याकडचीच अडचण! १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली. एका यादीऐवजी अधिकार वाटून द्यायचा. ज्याच्या हद्दीतले नाव, त्याने त्याचा हिशेब ठेवायचा आणि नावामागे हद्दीचे नाव जोडायचे. चांदूरला ‘रेल्वे’ जोडावे तसेच. हीच आजची डोमेन नावांची व्यवस्था. भारताची ‘डॉट इन’ ही हद्द १९८९ मध्ये नोंदली गेली आणि सुरुवातीची बरीच वर्षे तिचा कारभार मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेने पाहिला.

एवढी मोठी व्यवस्था आली, पण जुनी फाइल कोणी काढून टाकली नाही. विंडोजमध्ये सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टम ३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ‘ईटीसी’ या फोल्डरात ती सापडते. ‘ईटीसी’ हे युनिक्समधल्या फोल्डराचे नाव. फाइल साधी मजकुराची आहे, नोटपॅडमध्ये उघडते. एका ओळीत आधी आकडी पत्ता, मग मोकळी जागा, मग नाव. ‘१२७.०.०.१ लोकलहोस्ट’ ही त्यातली जगप्रसिद्ध ओळ. तिचा अर्थ, हे यंत्र स्वतःच. (फाइलीत अर्थातच रोमन अक्षरे आणि इंग्रजी आकडे.) ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह टाकले की ती ओळ यंत्र वाचत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्ही ब्राउझरमध्ये नाव लिहिता तेव्हा संगणक साधारणपणे आधी ही फाइल पाहतो. तीत नाव सापडले, तर बाहेर कोणालाही विचारत नाही. साऱ्या जगाचे म्हणणे एक आणि या फाइलीचे दुसरे असले, तर त्या यंत्रापुरता फाइलीचा शब्द अखेरचा.

याचे फळ काय होते ते मी काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्याच एका ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर पाहिले. खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपायला दोन दिवस होते. सोयाबीन-तुरीवाले शेतकरी सातबारा आणि बँकेचे पासबुक घेऊन बाहेर बसलेले. दोन संगणकांपैकी एकावर संकेतस्थळ उघडत होते, दुसऱ्यावर नाही. जोडणी एकच, वेग तोच. ‘भाऊ, काहून उघडून नाही राह्यलं?’ केंद्र चालवणारा मुलगा मला विचारत होता आणि बाहेरचे लोक त्याला. होस्ट्स फाइल उघडली तर शेवटी एक ओळ होती. पूर्वी कधीतरी नाव लागत नव्हते, तेव्हा एका दुरुस्तीवाल्याने त्या संकेतस्थळाचा आकडी पत्ता थेट लिहून दिला होता. त्या दिवशी काम भागले. पुढे संकेतस्थळ दुसऱ्या सर्व्हरवर गेले. जगाला नवा पत्ता कळला, हे एक यंत्र मात्र जुन्याच दारावर थापा मारत राहिले. ओळीआधी हॅश टाकला, फाइल जतन केली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. दुसऱ्या संगणकापुढेही रांग लागली.

दुरुस्तीवाल्याला मी दोष देणार नाही, त्याने अडलेली गाडी काढून दिली. फक्त ती ओळ कोणी, कधी, कशासाठी लिहिली हे हॅश टाकून शेजारीच लिहिता आले असते. त्याला एक मिनिट लागते.

हीच ताकद वाईट कामालाही येते. बँकेच्या नावापुढे भामट्याचा पत्ता लिहिणारे विषाणू होऊन गेले आहेत. नाव बरोबर टाइप करूनही माणूस खोट्या पानावर पोहोचतो. आज बहुतेक संकेतस्थळांना प्रमाणपत्र असते. पत्ता बदलला तरी ते जुळत नाही आणि ब्राउझर मोठा इशारा देतो. तो इशारा ‘पुढे जा’ म्हणून ओलांडायचा नसतो, एवढे तरी केंद्रांवरच्या मुलांना कोणी शिकवावे. चोरीची सॉफ्टवेअरे चालवण्यासाठी कंपनीचे नाव याच फाइलीतून अडवण्याची युक्तीही डीटीपीच्या दुकानांतून सर्रास दिसते.

चांगले उपयोगही आहेतच. वाचनालयातल्या एका संगणकावर जुन्या अंकांची छायाचित्रे ठेवली, तर बाकीच्या चार संगणकांच्या फाइलीत त्याला ‘ग्रंथालय’ असे घरगुती नाव देता येते, इंटरनेट नसतानाही. चाळीस संगणक असले तर मात्र पत्ता बदलल्यावर चाळीस फाइली बदलाव्या लागतील. कॅलिफोर्नियातल्या त्या केंद्राचे दुखणे तुमच्या दारी आलेच.

आणि नाव देवनागरीत? २०१४ पासून ‘डॉट भारत’ ही हद्द देवनागरीतही मिळते. ब्राउझरमध्ये मराठीत पत्ता लिहिता येतो. होस्ट्स फाइलीला मात्र तो रोमन सांकेतिक रूपातच द्यावा लागतो. तिथे ‘भारत’चे होते ‘एक्सएन’, मग दोन आडव्या रेघा, मग ‘एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी’. ‘ग्रंथालय’ देवनागरीत हवे असेल तर त्याचेही असेच रूप करून घ्यावे लागते.