झेंडा उडतोय कुठल्या वाऱ्यावर?

फाइन आर्ट्सला असलेल्या माझ्या मैत्रिणीने महिनाभर खपून एक युद्धनौका काढली. एचएमएस ट्रिंकोमाली, खाली साल लिहिलं १८२५. शिडं टम्म फुगलेली, तोफांचा धूर, मागे फडफडणारा झेंडा. दिसत होतं भारीच. तिच्या ओळखीतल्या, नौदलातून रिटायर झालेल्या काकांना दाखवलं, तर ते म्हणाले, ‘बाळा, हा झेंडा कुठल्या वाऱ्यावर उडतोय?’

आपल्या डोक्यात बाइकवरचा झेंडा असतो. गाडी पुढे, झेंडा मागे. पण शिडाच्या जहाजाला ढकलतो वाराच. तो मागून येत असेल, तर झेंडाही पुढेच उडणार ना!

झेंडा खोडून काढता येतो. मग आम्ही दोघी साल तपासायला बसलो आणि पंचाईत झाली.

ही बोट आपल्या मुंबईची. फोर्टच्या डॉकयार्डात जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानात बांधली, १८१७ मध्ये पाण्यात उतरली. तिच्या ड्रॉइंगचीच एक स्टोरी आहे. इंग्लंडहून नकाशे घेऊन निघालेली ‘जावा’ १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने हरवली. नकाशेही गेले! मग दुसरा संच पाठवावा लागला. या नकाशांचं नेहमीचं स्केल १:४८, म्हणजे पाव इंचाला एक फूट. साधारण १५० फुटांचा तोफांचा डेक कागदावर ३७ इंचांच्या आसपास भरतो. बाजूने, वरून आणि समोरून असे तीन व्ह्यू जुळवले की मग कुठे आकार कळतो. फोटो बघून काढायचं तर ही बोट आज हार्टलपूलला उभी आहे. पण तो फोटो १८१७ चा नाही. १८४५ च्या सुमारास तिच्या तोफा कमी केल्या आणि मागची बाजू गोलसर केली. मैत्रिणीने नेमकी तीच गोल बाजू काढली होती, १८२५ च्या चित्रात.

त्याहून वाईट म्हणजे १८२५ मध्ये ही बोट लढतच नव्हती. १८१९ ला पोर्टस्मथला पोचली आणि १८४५ पर्यंत रिझर्व्हमध्ये पडून होती. कसला धूर आणि कसल्या तोफा!

झेंड्याचा रंगही गृहीत धरायचा नाही. १८६४ पर्यंत ब्रिटिश नौदलात स्क्वॉड्रननुसार लाल, पांढरा आणि निळा असे तीन झेंडे होते. (हे कळल्यावर तिने ब्रश खालीच ठेवला.)

‘कोण बघतंय एवढं?’ असं मी म्हटलं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. वाडियांच्या बोटीला दुसरीच पाठ लावली तर ती वाडियांची कशी राहील, हे तिचं म्हणणं.

आता तिने नवा कागद घेतलाय. साल १८१९, मुंबईहून पोर्टस्मथला निघालेली बोट. डोलकाठ्या झाल्यात, मागची बाजूही जुन्या आकाराची झालीये. शिडं बाकी आहेत, कारण वारा कुठून येतोय ते अजून ठरत नाहीये.