दिव्याच्या उजेडांत कोथिंबीर

वैशाख लागला कीं अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. अंगणांतील कुंडीमधली कोथिंबीर दुपारपर्यंत करपते. ती घरांत आणावी, तर झळांमुळें दारें-खिडक्या लावून घेतलेल्या, आंत अंधार. अंधारांत रोप उजेडाच्या शोधांत उंच, पांढुरकें व लुळें होऊन आडवें पडतें. या पेंचावर थोडक्या खर्चाचा एक उपाय आहे, तो एलईडी दिव्याचा.

वनस्पतीस सर्वच रंगांचा प्रकाश सारखा उपयोगी नसतो. १८८२ सालीं एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञानें लोलकांतून निघालेला रंगपट्टा सूक्ष्मदर्शकाखालीं एका शेवाळतंतूवर पाडला, तेव्हां प्राणवायूचे भुकेले जंतु विशेषतः तांबड्या व निळ्या भागांशीं गोळा झाले. अर्थात् हरितद्रव्याचें कार्य तेथेंच अधिक चालतें. पुढें निळा एलईडी सिद्ध करणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा या त्रयीस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. बाजारांतील पांढरा दिवा म्हणजे पिवळसर प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिलेला निळा दिवाच होय. त्यांत निळा व तांबडा हे दोन्ही अंश असल्यामुळें पालेभाजीस जांभळे, महागडे दिवे लागत नाहींत. २०१५ सालच्या उजाला योजनेनंतर ९ वॅटचा साधा दिवा तर घरोघरीं पोंचला आहे.

दोन फूट फळीस दोन होल्डर बसवून एकांत शुभ्र व दुसऱ्यांत पिवळसर दिवा लावावा. कुंडीच्या तीन बाजूंस पांढरा पुठ्ठा उभा करावा, म्हणजे उजेड वायां जात नाहीं. दिवे पानांपासून वीतभर उंच असावे. दूर नेल्यास उजेड झपाट्यानें घटतो. रोज १४ तास दिवे लावून रात्रीं रोपास विसावा द्यावा. यास दिवसाला पाव युनिट, महिन्यास सुमारें साडेसात युनिटें वीज लागते. कुंडीसाठीं घरांतील सर्वांत थंड कोपरा निवडावा. कारण दिवा उजेड पुरवितो, गारवा नव्हे.

दिव्याचें झांकण मात्र कधींही उघडूं नये. आंत घरगुती विजेचा पूर्ण दाब असतो. पाणी घालतांना प्लग काढावा व जोडणी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी.

वांगी-टोमॅटोची आशा मात्र या दिव्यावर धरूं नये. मध्यान्हींच्या उन्हाचा प्रकाश सुमारें एक लक्ष लक्स असतो. त्याची बरोबरी दोन दिव्यांनीं होणें नाहीं. परंतु ऐन उन्हाळ्यांत वरणावर पेरण्यापुरती हिरवी चिमूट घरांतच मिळावी, एवढें काम हे दिवे खात्रीनें करतील.