फाशीचा वाद: एकाच वाक्यात दडलेले तीन प्रश्न

मागच्या गणपतीत घरी, मालवणला, गेले होते. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि टीव्हीवर कुठल्याशा खटल्याच्या निकालाची बातमी लागली. जन्मठेप झाली होती. काका एकदम तापले, "फाशीच व्हयी होती तेका!" मी आपली सवयीने म्हणाले, "काका, फाशीने गुन्हे कमी होतात याचा पुरावा तसा..." वाक्य पुरं होऊ न देता ते म्हणाले, "तुझा ता संशोधन ऱ्हवांदे बाजूक. आपल्या घरातला चेडू असता तर?"

मी गप्प बसले. उत्तर नव्हतं असं नाही, पण मी देत असलेलं उत्तर त्यांच्या प्रश्नाचं नव्हतंच. ते न्यायाबद्दल बोलत होते आणि मी आकडेवारीबद्दल. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतो आणि तरी वाद शंभर वर्षं चालू शकतो.

तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटच्या तयारीत आहात, काही जण संशोधनाचा आराखडा लिहिताय. आराखड्यात सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच. एका वाक्यात दोन-तीन वेगळ्या जातीचे प्रश्न कोंबलेले असतात आणि आपण एकाच्या पुराव्याने दुसऱ्याचं उत्तर द्यायला जातो. म्हणून आज माझा विषय, म्हणजे खेकड्यांच्या अळ्या, बाजूला ठेवून फाशीचा वाद घेऊया.

आधी प्रश्न फोडा

"फाशी असावी का?" या वाक्यात किमान तीन प्रश्न आहेत.

पहिला, फाशीमुळे खून-बलात्कार कमी होतात का? हा अनुभवजन्य प्रश्न आहे, उत्तर मोजमापाने मिळायला हवं.

दुसरा, न्याय आणि सूड यांत फरक नेमका काय? हा संकल्पनेचा प्रश्न. इथे कितीही डेटा गोळा केला तरी उपयोग नाही, आधी शब्द घासूनपुसून घ्यावे लागतात.

तिसरा, राज्याने माणसाला मारावं का? हा मूल्यांचा प्रश्न. पहिल्या दोघांची उत्तरं इथे लागतात, पण ती पुरत नाहीत. "काय आहे" यावरून "काय असावं" हे थेट काढता येत नाही, हे डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवून दिलं होतं.

आता एकेक बघू.

प्रश्न एक: धाक बसतो का?

अमेरिकेत १९७५ मध्ये आयझॅक अर्लिक या अर्थशास्त्रज्ञाने एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. निष्कर्ष असा की एका फाशीमागे साधारण आठ खून टळत असावेत. आकडा इतका सुबक होता की तो थेट कोर्टातल्या युक्तिवादापर्यंत पोहोचला. मग इतरांनी तोच डेटा तपासला. १९६० च्या दशकातली शेवटची काही वर्षं गणितातून काढली की परिणाम गायब! म्हणजे निष्कर्ष फाशीवर कमी आणि कुठली वर्षं धरली यावर जास्त उभा होता. पुढे अशा अभ्यासांचा ढीग झाला, दोन्ही बाजूंनी. शेवटी २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सांगितलं की फाशीने खून वाढतात, कमी होतात की काहीच फरक पडत नाही, हे ठरवायला या अभ्यासांचा उपयोग नाही.

इथे नीट थांबा. समितीने "धाक बसत नाही" असं म्हटलेलं नाही, "माहीत नाही" असं म्हटलंय. पुरावा नसणं आणि परिणाम नसल्याचा पुरावा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दिवशी काकांसमोर मी नेमकी हीच चूक करणार होते.

भारतात तर मोजमाप आणखी अवघड. २००० ते २०२० या काळात देशात आठ जणांना फाशी झाली. त्यातल्या दोन आपल्या महाराष्ट्रात, २०१२ मध्ये येरवड्याला कसाब आणि २०१५ मध्ये नागपूरला याकूब मेमन. खुनाचे गुन्हे वर्षाला पंचवीस हजारांच्या वर. वीस वर्षांत आठ घटना आणि समोर लाखो गुन्हे, यातून कुठलंही सांख्यिकी मॉडेल काही शहाणपणाचं सांगू शकणार नाही. त्यामुळे "फाशी दिली की जरब बसेल" आणि "फाशीचा काही उपयोग नाही" ही दोन्ही वाक्यं छातीठोकपणे बोलणाऱ्याला एवढंच विचारा, कशावरून?

प्रश्न दोन: न्याय कुठे संपतो, सूड कुठे सुरू होतो?

फाशीचे विरोधक पुष्कळदा "हा तर सूड आहे" म्हणून मोकळे होतात. हे फार स्वस्तातलं उत्तर झालं. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९७ मध्ये एक उदाहरण दिलं होतं. समजा एका बेटावरचा समाज मोडतोय, सगळे बेट सोडून जगभर पांगणार आहेत. (मी वाचताना मनात सिंधुदुर्ग किल्ल्याचं कुरटे बेटच आणलं.) तुरुंगात शेवटचा खुनी उरलाय. त्याला मारून कुणाला धाक बसणार नाही, कारण मागे समाजच उरणार नाही. तरीही कांट म्हणतो की जाण्याआधी त्याला फाशी द्यायलाच हवी, कारण त्याने केलेल्या कृत्याचं मोल चुकतं व्हायला हवं. पटो न पटो, यात राग नाही आणि फायद्याचा हिशेबही नाही. याला सूड म्हणता येत नाही.

मग फरक कुठे? अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९८१ मध्ये तो चांगला मांडला. माझ्या शब्दांत सांगायचं तर, सूड साध्या अपमानाचाही घेतला जातो, शिक्षा मात्र गुन्ह्यालाच असते. सुडाला आतून मर्यादा नसते, शिक्षेला "इतकीच" अशी हद्द असते. सूड ज्याचं दुखलं तो घेतो, शिक्षा करणाऱ्याचं गुन्हेगाराशी वैयक्तिक काही नसतं. सूड घेणाऱ्याला समोरच्याच्या वेदनेत समाधान लागतं, शिक्षेला ते लागत नाही. आणि शिक्षेमागे सर्वांना सारखं लागू होणारं तत्त्व असतं, सुडामागे ते असण्याची गरज नाही.

ही कसोटी आपल्याकडच्या निकालांवर लावून बघा. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. २५ नोव्हेंबर २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करून उरलेलं आयुष्यभर कैद दिली. गुन्हा भयंकर आहे हे न्यायमूर्तींनी मान्य केलं, पण जनक्षोभ हा शिक्षेचा आधार होऊ शकत नाही आणि मृत्यू पश्चात्तापाची शक्यताच संपवतो, असंही म्हटलं. हा निकाल तुम्हाला पटो अथवा न पटो, कोर्ट इथे हद्द आखत होतं.

पण काकांचा प्रश्न अजून शिल्लकच आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याचा राग खालच्या दर्जाचा मानायचा का? मला तसं वाटत नाही. तो राग म्हणजे आपल्या माणसाची किंमत सांगणंच असतं. प्रश्न एवढाच आहे की त्या रागाने निकाल लिहावा का.

नाशिकचा खटला

आता ज्या खटल्याने माझं मत हललं तो सांगते.

जून २००३. नाशिक जिल्ह्यात शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जण मारले गेले, बलात्कार झाले. वाचून हात थरथरावेत असा गुन्हा. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप फाशीत बदलली, म्हणजे पुन्हा सहाच्या सहा फाशी. यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर निष्पन्न झालं.

मग फेरविचार झाला. ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या महिलेने घटनेनंतर लगेचच पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंमधून वेगळ्याच चार माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता! कोर्टाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि चुकार अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले. तोवर सोळा वर्षं गेली होती.

आता विचार करा. २००९ नंतर फाशी उरकली असती तर काय झालं असतं? फाईल बंद. आपण म्हटलं असतं, न्याय झाला. त्या कुटुंबालाही कदाचित तसंच वाटलं असतं. आणि खरे गुन्हेगार मोकळेच.

न्याय आणि सूड यांतला सगळ्यात मोठा फरक मला इथे दिसला. रागाला कुणीतरी समोर लागतं. न्यायाला तोच माणूस लागतो, ज्याने केलं. चुकीच्या माणसाला लटकवूनही राग शमू शकतो, न्याय मात्र तसूभरही होत नाही. त्या महिलेचा घात दोनदा झाला, एकदा हल्लेखोरांनी केला आणि एकदा तपासाने.

नमुना जपून ठेवा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका खेकड्याची जात चुकीची ओळखली होती. पूर्ण खात्रीने! दोन प्रकरणं त्यावर लिहूनही झाली. गाईडनी फक्त एवढं विचारलं, "नमुना कुठाय?" अल्कोहोलच्या बाटलीत होता, म्हणून पुन्हा बघता आला आणि चूक सापडली. फेकून दिला असता तर ती चूक प्रबंधात कायमची राहिली असती. तेव्हापासून आमच्या लॅबमधला नियम मला पाठ आहे, कितीही खात्री असली तरी नमुना नष्ट करायचा नाही.

माणसाची तुलना खेकड्याशी करत नाहीये, गैरसमज नको. पण चूक दुरुस्त करण्याची वाट उघडी ठेवणं हे तत्त्व तेच आहे. आणि चुका अपवादाने होत नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकलेल्या पाच टक्क्यांहून कमी. फाशीच्या कैद्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ. चांगला वकील कुणाला परवडतो, हे वेगळं सांगायला नको.

याची दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. कसाबसारख्या प्रकरणात माणूस चुकीचा असण्याची शंकाच नव्हती, तिथे हा मुद्दा फारसा चालत नाही. शिवाय तुरुंगातली सोळा वर्षंही परत देता येत नाहीतच. खरंय. पण सोळा वर्षं गमावलेला माणूस दार उघडून बाहेर तरी येतो.

मग प्रश्न तीन?

१९८० च्या बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने फाशी घटनात्मक ठरवली, पण "दुर्मिळातल्या दुर्मिळ" प्रकरणांपुरती. विरोधातले न्यायमूर्ती भगवती यांचं म्हणणं होतं की अशी फाशी मनमानी ठरते. २०१५ मध्ये विधी आयोगाने दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. आणि त्याच्या कितीतरी आधी, जून १९४९ मध्ये, संविधान सभेत फाशीविरुद्धच्या अपिलांची चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण फाशीच रद्द करण्याच्या बाजूचे आहोत असं सांगितलं होतं. या देशाने अहिंसेला नैतिक आदेश मानलंय, असं त्यांचं कारण होतं. लक्षात घ्या, ते धाकाच्या आकड्यांवर बोललेच नाहीत. ते थेट तिसऱ्या प्रश्नावर बोलले.

माझं आजचं मत फाशीच्या विरोधात आहे. मुख्य कारण नाशिकचा खटला. माझं मत कशाने बदलेल? तपास आणि बचाव इतका चोख झाला की चूक जवळपास अशक्य आहे, हे कुणी दाखवलं तर माझा मुख्य आधार जाईल आणि मला कांटला नव्याने उत्तर द्यावं लागेल.

तुमच्यासाठी गृहपाठ. आपल्या आराखड्यातलं मुख्य वाक्य घ्या, त्यात कुठल्या जातीचे किती प्रश्न आहेत ते वेगळे लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा, "हे कशाने चूक ठरेल?" ज्यापुढे काहीच लिहिता येणार नाही, तो प्रश्न एकतर मूल्याचा आहे किंवा अजून नीट विचारलेला नाही.

काकांना विसर्जनाच्या आदल्या दिवशी नाशिकची हकिगत सांगितली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि त्या बाईचा काय झाला?" मला वाटतं, त्यांनी सुरुवातीपासून हाच प्रश्न विचारला होता.