कोऱ्या लाकडावरचा डाग आणि पॉलिशचा हिशेब

इचलकरंजीला माल घ्यायला गेलो की परतताना नागपूरची गाडी मी मिरजेहून धरतो. गाडीला अवकाश असला तर सतारमेकर गल्लीत एक चक्कर होते. मागे असेच एका कारखान्यात बसलो होतो. समोर तंबोरा होता, जोडकाम झालेला, पॉलिश बाकी. हात लावून पाहावा म्हणून मी पुढे झालो, तर कारागीर चाचा म्हणाले, "भाई, हात मागे घ्या. आत्ता काही दिसणार नाही. पॉलिश चढले की तुमची पाचही बोटे दिसतील."

मिरजेचा हा हुन्नर मूळ शिकलगारांचा, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या आपल्याच बिरादरीचा. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे काम मंदावले, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार वाद्यांकडे वळले. पुढे घराण्याचे नावच सतारमेकर पडले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव होते. भाव मात्र गिऱ्हाईक वाद्य उजेडात धरून पाहते तेव्हा ठरतो.

चाचांचे म्हणणे मला लगेच पटले, कारण कापडात मी हेच भोगले आहे. १९९८ साली एका गिरणीचा कोरा माल घेतला. थानावर तेलाचे बारीक ठिपके होते, पण कोऱ्या कापडावर ते नजरेत आले नाहीत. रंगाईतून माल आला तेव्हा ठिपका न् ठिपका उठून दिसला. पार्टीने माल परत केला आणि पुढची ऑर्डरही गेली.

लाकडाचेही तसेच. तंबोरा-सतारीचे तूनाचे लाकूड असो की व्हायोलिनच्या पुढच्या पाटाचे स्प्रूस, उघड्या लाकडाची छिद्रे सगळे पिऊन घेतात. हाताचा घाम, डोक्याचे तेल, अत्तर, पेन्सिलीची रेघ. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख त्या जागी सारखी मुरत नाही आणि चट्टा पडतो. सरस सांडला तर उलटे होते. छिद्रे बुजतात आणि जागा फिकी राहते. सरस कोमट पाण्याच्या फडक्याने निघतो. फेव्हिकॉल मात्र ओला असतानाच पुसावा, वाळल्यावर खरवडण्याशिवाय इलाज नाही.

सगळ्यात दगाबाज डाग लोखंडाचा. छिपी लोक हिरडा आणि लोखंडाच्या पाण्यातून काळा रंग काढतात, हे कापडवाल्यांना ठाऊक आहे. हिरड्यात जे तुरट द्रव्य असते, ते कमीजास्त बहुतेक लाकडांत असते. ओल्या लाकडावर शिकंजा आवळून ठेवला किंवा कानशीचा कीस पडून राहिला, की तोच काळा रंग लाकडात तयार होतो. तो घासून जात नाही. म्हणून लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये कागद किंवा लाकडाची चीप ठेवावी, आणि हत्यारांना धार दुसऱ्या जागी लावावी.

व्हायोलिनवाल्यांची अडचण आणखी नाजूक. पुढचा पाट जवळजवळ पांढरा, आणि बोटे फिरतात ती पट्टी काळ्या आबनूसची. पट्टी घासताना काळी भुकटी उडते. ती हाताने पुसली तर पांढऱ्या लाकडात कायमची भरते. म्हणून पाट आधी झाकतात, आणि भुकटी मऊ ब्रशने झाडतात.

आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा फर्निचरच्या कारागिरांनाही हे लागू आहे. मनगटाखाली सुती कपडा ठेवा. कूलरचा ओला झोत कामावर घेऊ नका. लाकडाचा रवा उठतो, सरसाचा जोड ढिला पडतो. जोहरची वुजू करून आलेला हात पाक असतो, पण ओला असतो. तो कोरडा करूनच कामाला लावावा. पॉलिशच्या आधी खिडकीच्या तिरप्या उजेडात स्पिरिटचे फडके एकदा फिरवून पाहा. लपलेला सरस तेव्हा दिसतो, आणि तेव्हा खरवडणे स्वस्त पडते. पॉलिशनंतर दिसला तर सगळा पाट उतरवावा लागतो, आणि मजुरी कारागिराचीच कापली जाते.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. बाजारात किलोवर मिळणारी रंगीत चिंधी कोऱ्या लाकडाला लावू नका, स्पिरिटमध्ये तिचा रंग सुटतो. नव्या कापडात खळ असते, तीही लाकडावर उतरते. सगळ्यात चांगली ती बऱ्याच वेळा धुतलेली पांढरी मलमल, कडा दुमडलेली, म्हणजे धागे सुटत नाहीत. सरसाचे फडके वेगळे, तेलाचे वेगळे. जवसाच्या तेलाची चिंधी तर गोळा करून कोपऱ्यात टाकूच नये, ती आपोआप तापून पेट घेते. पसरून वाळवावी.

चाचांनी माझ्या नमुन्याची मलमल चिमटीत चोळून पहिला सवाल हाच केला, "खळ काढली आहे का?" काढलेली नव्हती. पुढच्या फेरीत दोन थान धुऊन नेले. धुलाईचे पैसे वेगळे लावले, पण त्यांनी घासाघीस केली नाही.